चौथी गाडी

२३ ऑगस्ट, शनिवार. पहाटे ५.१०

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, पण शिस्त सोडून चालत नाही. ही वही कोणी वाचायची नाही, त्यामुळे अक्षर कसेही आले तरी चालेल. (तरी ते चांगलेच आले आहे.)

संकल्प : १) रोज पहाटे पाचला उठून दिग्रस रोडने चार किलोमीटर चालणे. २) चहा दिवसातून दोनदाच. ३) दुपारची झोप बंद. ४) कोणावरही रागवायचे नाही. ५) व्याख्यान लिहून पूर्ण करणे. विषय : ‘कथेतील बाप-लेक : एक ताणलेले नाते’. वाचनालयाने दिवाळी पाडव्याला ठेवले आहे. म्हणजे मी ठेवायला लावले आहे.

६) या दिवाळीला चिरंजीव कपिल घरी येईल. (हा संकल्प नाही, पण यादीत असू द्यावा.)

आज बाहेर चिखल असल्याने चालणे उद्यापासून.

त्याच दिवशी, सायंकाळी

तान्हा पोळा. वाचनालयासमोर पोरांच्या लाकडी बैलांची स्पर्धा. दरवर्षीप्रमाणे परीक्षक मीच. एकूण चौतीस बैल. त्यातले तीस बापांनी आणलेले, चार पोरांनी केलेले. पोरांनी केलेले लगेच ओळखू येतात, एकही सरळ उभा राहत नाही. नंबर अर्थातच मोठ्या बैलांना दिले.

कपिल चौथीत असताना त्याचाही पहिला नंबर आला होता. स्टीलचा जग मिळाला होता. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. फोटोत जग मी धरला आहे, कारण जग जड होता. कपिल बाजूला रडतो आहे, पण ते ऊन डोळ्यावर आल्यामुळे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कपिल नागपूरला असतो. कंपनीत आहे. वय एकतीस. त्याचा फोन येतो दुपारी अडीचला, हिच्या मोबाईलवर. (ही म्हणजे इंदू, माझी पत्नी.) नेमकी तेव्हा माझी झोप असते. तीन वर्षे अशी चुकामूक चालली आहे. संकल्प क्रमांक तीनमागे हेच कारण.

आज अडीचला डोळे ताणून जागा राहिलो. फोन आला नाही. साडेपाचला फिरून आलो तर ही म्हणाली, आत्ताच आला होता.

नेटवर्कचा काही भरवसा राहिलेला नाही.

२९ ऑगस्ट

आज दुपारी झोपलो नाही आणि संध्याकाळी फिरायलाही गेलो नाही. सव्वासहाला हिला अचानक वाचनालयातल्या भीमसिंगच्या घरी ताक नेऊन द्यायची आठवण झाली. ताक घेऊन गेली. मोबाईलही घेऊन गेली. पाऊण तासाने परत आली, डोळे पुसत. विचारले तर म्हणाली, रस्त्यात कचरा गेला.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचे जेवण. कपिल आला नाही, ऑडिट आहे. त्याची कंपनी विचित्र आहे. पोळ्याला ऑडिट, महालक्ष्म्यांना ऑडिट, दिवाळीला ऑडिट.

हिने पंगतीत एक पान जास्तीचे मांडले. मी म्हणालो, मोजून मांडत जा. रागावलो नाही, फक्त आवाज मोठा होता.

४ सप्टेंबर

दिवाळी अंकासाठी वाचनालयाने कथास्पर्धा जाहीर केली होती, विषय ‘बाप-लेक’. विषय माझा, नियमही माझे. नियम चार : लेखकाचे नाव बंद पाकिटात, कथेवर फक्त क्रमांक. नियम सात : मुख्य परीक्षकास कथेवर योग्य ते संस्कार करण्याचा पूर्ण अधिकार राहील. नियम नऊ : निकाल जाहीर झाल्यावर गुणांत कोणत्याही कारणाने बदल होणार नाही. हा नववा फार महत्त्वाचा. गेल्या वर्षी एका कवीचा मामा बाभुळगावहून भांडायला आला होता.

आज भीमसिंग राठोड कथांचा गठ्ठा घेऊन आला. तो वाचनालयाचा ग्रंथपाल आणि माझा तीस वर्षांचा मित्र. एकूण तेवीस कथा. गठ्ठा देताना म्हणाला, सर, सतरा नंबर जरा निवांत वाचा. मी म्हणालो, शिफारस चालणार नाही. त्यावर म्हणतो, शिफारस नाई करून राह्यलो जी, निवांत वाचा म्हनलं फक्त.

त्याला न्यायला त्याचा मुलगा बादल आला होता. आमच्या दारव्ह्याहून यवतमाळपर्यंत जीप चालवतो. भीमसिंगला मुलाचा धाक म्हणून नाही, आणि मुलाला बापाचा तर नाहीच. जीपमध्ये बसून दोघांनी एकाच कागदातली भजी खाल्ली, आणि बादल म्हणतो, बा, तू लय खातं, मले राहू दे. आणि दोघे हसले. बापाला ‘तू’! मला भीमसिंगची कीव येते.

११ सप्टेंबर

नऊ कथा वाचून झाल्या. सगळ्या कथांत बाप चुकतो. का? विचार करता करता माझ्या व्याख्यानाचा मुख्य सिद्धांत सापडला :

कथेत बाप नेहमी चुकतो, कारण कथा मुलगे लिहितात. बापांना लिहायला वेळ नसतो, ते फिया भरत असतात.

हे वाक्य टाळ्या घेणार. हिला वाचून दाखवले. ही सांभारवडीसाठी कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, मंग आता तं तुमाले वेळ हाय, लिवा न तुमी. मी म्हणालो, लिहितोच आहे, व्याख्यान. ही म्हणाली, ते नाई म्हनलं मी.

चहा : पाच. पण दोन अर्धेच होते.

१६ सप्टेंबर

सतरा क्रमांकाची कथा वाचली. नाव ‘बैल’.

थोडक्यात अशी. चौथीतला एक मुलगा तान्ह्या पोळ्यासाठी बापाच्या मित्राकडून शिकून स्वतः सागाचा बैल करतो. पंधरा दिवस लागतात. एक पाय आखूड होतो, म्हणून तो खाली काडेपेटीची काडी लावतो. बाप शिक्षक. बैल पाहून म्हणतो, हा घेऊन गेलास तर लोक मला हसतील. स्पर्धेच्या सकाळी बाप कोणाकडून तरी मोठा कोरीव बैल मागून आणतो. मुलगा तो ओढत, रडत चालतो आणि पहिला येतो. त्याचा स्वतःचा बैल घरातल्या हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली जातो.

पुढे मुलगा मोठा होतो. त्याची पहिली कथा छापून येते. तो ती दिवाळीत घरी घेऊन येतो. बाप पाहुण्यांसमोर लाल पेन काढतो आणि दहापैकी चार गुण देतो. मुलगा घरी यायचे बंद करतो. दोन वर्षांनी दिवाळीला मात्र निघतो. आईसाठी हिरवी साडी, बापासाठी संत्रा बर्फी. जिल्ह्याच्या स्टँडवर उतरतो. तिथून गाव तासाभरावर. गावाची गाडी लागते, तो चढत नाही. दुसरी लागते. तिसरी लागते. मग तो बर्फी झाडणाऱ्या बाईला देतो आणि आल्या गाडीने परत जातो. संपली कथा.

माझा शेरा जसाच्या तसा उतरवून ठेवतो :

‘भाषा : चांगली. वातावरण : ओळखीचे. बाप : खोटा. इतका एकांगी बाप समाजात आढळत नाही. शेवट : पटत नाही. घरापासून तासाभरावर आलेला माणूस तीन गाड्या सोडून परत जात नाही. कारण दिलेले नाही. गुण : १० पैकी ४.’

योगायोग असा की आमच्याही घरी बैलाचा असाच एक प्रकार झाला होता. पण आमच्याकडे तो प्रेमाने झाला. शिवाय आमच्या हॉलमधले कपाट त्या बैलामुळे आजही हलत नाही. लाल पेनाचेही तसेच. तीन वर्षांपूर्वी कपिलने एक कथा आणली होती, मी तपासून दिली होती. मीही चारच दिले होते, पण त्यात एक गुण माझ्या पदरचा होता. या लेखकाला तो बारकावा सुचलेला नाही.

१७ सप्टेंबर

दुपारी डोळा लागला. (संकल्प तीन शिथिल केला आहे. तब्येत.) उठून पाहतो तर ही सतरा क्रमांक हातात घेऊन बसलेली. सहावीपर्यंत शिकलेली बाई, बोट ठेवून वाचत होती. अंगावर हिरवी साडी, गेल्या दिवाळीनंतर दोन दिवसांनी कपिलने कुरियरने पाठवलेली.

मला म्हणाली, हे कोनं लिवलं?

म्हणालो, गोपनीय आहे. नियम चार.

म्हणाली, तो यवतमाळपर्यंत आलता. मागच्या दिवाळीले. आलता तो.

मी समजावले की कथेत जिल्ह्याचे नाव नाही आणि हिरव्या साड्या बाजारात ढिगाने असतात. साहित्य आणि जीवन यात फरक असतो. ही कपाटाजवळ जाऊन खाली वाकून बघत बसली. बायका हळव्या असतात. व्याख्यानात एक परिच्छेद यावर घालता येईल.

१८ सप्टेंबर

हिने स्वयंपाक केला, पण बोलली नाही. मीही व्याख्यानात व्यग्र. पाने झाली : दीड.

२४ सप्टेंबर, बुधवार

निकाल तयार. पहिल्या बक्षिसास पात्र कथा आलेली नाही, त्यामुळे पहिले बक्षीस नाही. दर्जा राखावाच लागतो.

सतरा क्रमांकावर नियम सातप्रमाणे संस्कार केला. शेवटच्या परिच्छेदावर काट मारली आणि सात ओळी नव्याने लिहिल्या. चौथी गाडी लागते. मुलगा चढतो. तासाभराने घरी पोचतो. दारात बाप उभा. मुलगा पायावर डोके ठेवतो. बाप म्हणतो, ‘आलास? ये.’ बर्फीचा पुडा दोघे मिळून सोडतात.

लिहून झाल्यावर पुन्हा वाचले. डोळ्यांत पाणी आले. माझ्या सात ओळींमुळे कथा चारवरून थेट सहावर गेली. दुसरे बक्षीस.

खरे तर मीच लिहायला हवे होते आयुष्यभर. वेळ मिळाला नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अंक छापायला जायचा म्हणून आज वाचनालयात पाकिटे फोडली. सतरा क्रमांक : कपिल पुंडलिकराव गावंडे, नागपूर.

नाव दोनदा वाचले. भीमसिंगने पाणी दिले.

मग मात्र फार आनंद झाला. पोरगा लिहितो तर! हा गुण आमच्याच घराण्यातून आला असणार. बाप काल्पनिक आहे, हे उघडच आहे. लेखकाला थोडे तिखट-मीठ लावावे लागते. बैल तेवढा आपल्या घरचा घेतला, बाकी कल्पना.

भीमसिंग म्हणाला, सर, अजून छापाले गेलं नाई. त्याचा शेवट त्याले देऊन टाकू का? मी म्हणालो, मुळीच नाही. आधी तो परक्याच्या कथेचा प्रश्न होता, आता घरचा आहे. घरच्या कथेचा शेवट तरी नीट व्हायला नको का? भीमसिंग मग म्हणाला, नियम तुमचेच हायेत जी. आणि पाने गठ्ठ्यात घातली.

सगळे आता जुळून आले आहे. पाडव्याला बक्षीस समारंभ. कपिलला यावेच लागेल. पहिल्या रांगेत बसेल, माझे व्याख्यान ऐकेल, मी त्याला शाल आणि प्रमाणपत्र देईन. मग त्याला माफ करीन. सगळ्यांसमोर करायचे की घरी आल्यावर, ते अजून ठरवलेले नाही.

५ ऑक्टोबर

शाल घेतली. तपकिरी. कपिलला कोणता रंग आवडतो ते हिला विचारले. म्हणाली, तुमाले माईत नाई का? मी म्हणालो, माहीत आहे, खात्री करत होतो. तिने सांगितले नाही.

१० ऑक्टोबर

चालणे : नाही. चहा : मोजला नाही. व्याख्यान : चार पाने, त्यातले एक शीर्षकाचे. पण मन प्रसन्न. कपिलची खोली झाडून घेतली. तिथे माझे गठ्ठे होते, ते कॉटखाली सरकवले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अंक आला. सुबक झाला आहे. पान एकतीसवर ‘बैल’, खाली कपिलचे नाव. त्याखाली बारीक अक्षरात : ‘संस्कार : पुंडलिकराव गावंडे’. भीमसिंगने सगळ्या लेखकांना मोबाईलवर अंक पाठवला.

पान एकतीस मी चार वेळा उघडले. बापाचे आणि लेकाचे नाव एका पानावर. छान दिसते.

१६ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

कपिलचा मेसेज! मला! माझ्या मोबाईलवर! तीन वर्षांत पहिला!

‘बाबा, शेवट माझा नाही. बक्षीस नको.’

यात ‘बाबा’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

त्याच दिवशी, सायंकाळी

सविस्तर उत्तर लिहिले. पाच मुद्दे. १) शेवट का बदलावा लागला. २) मूळ शेवटातले दोष. ३) बापाच्या पात्रावर अन्याय. ४) तरीही मी रागावलेलो नाही. ५) पाडव्याला सकाळी दहापर्यंत पोचावे. हिने वाचून पाहिले आणि म्हणाली, हे नका धाडू. पायजे तं एकच लिवा, ये म्हना. मी म्हणालो, पाचव्या मुद्द्यात तेच आहे.

पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचले. रात्री जेवणापर्यंत उत्तर नाही. पाच मुद्द्यांवर विचार करायला वेळ लागतोच.

१७ ऑक्टोबर

उत्तर नाही.

वाचनालयात गेलो. भीमसिंगला म्हणालो, परीक्षक मी आहे हे कपिलला कळले असते तर त्याने कथा पाठवलीच नसती. गोपनीयतेचा हा फायदा.

भीमसिंगने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, त्याले माईत होतं, सर. मीच सांगतलं होतं. तुम्ही वाचसान म्हणूनच तं धाडली त्यानं. नाईतं त्याच्या कथा आता मोठ्या मोठ्या अंकात येतात, आपल्या वाचनालयाच्या अंकाले तो कायले देते?

मी विचारले, मग तू मला आधी का नाही सांगितलेस?

म्हणाला, सांगतलं न. निवांत वाचा म्हनलं.

घरी आलो. आज लिहायला जास्त काही नाही.

१८ ऑक्टोबर

यवतमाळ ते दारव्हा चाळीस किलोमीटर. चाळीस किलोमीटरवरून कोणी परत जाते का? नाही जात.

बर्फी माझ्यासाठी होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज हिने भीमसिंगला बोलावून कपाट उचलायला लावले आणि खालचा बैल काढला. बावीस वर्षांची धूळ. नळाखाली धुतला, पदराने पुसला. आखूड पायाखालची काडी अजून चिकटलेली होती. डब्यात चिवडा, सांभारवडी, करंज्या भरल्या. उद्या सकाळी बादलच्या जीपने यवतमाळ, तिथून नागपूर. लक्ष्मीपूजन पोरासोबत करणार म्हणते. लग्नाला चौतीस वर्षे झाली, मला न विचारता ही कुठे गेलेली नाही.

मी म्हणालो, परवा लक्ष्मीपूजन, घरात बाई नको का?

ही बैल पिशवीत ठेवत होती. मग माझ्यासमोर येऊन खाली बसली आणि म्हणाली, चला न तुमीबी. दोघं जाऊ. काई बोलू नका फक्त. काईच बोलू नका. नुसतं बसा त्याच्यापाशी.

मला क्षणभर जावेसे वाटले. हे खोटे लिहायचे नाही. जावेसे वाटले.

पण पाडव्याला व्याख्यान आहे. पत्रिका छापून झाल्या आहेत. शिवाय कपिल इकडे येण्याची शक्यता अजून संपलेली नाही, आणि आम्ही तिकडे गेलो आणि तो इकडे आला तर? मी तिला हे नीट समजावून सांगितले. ती ऐकून घेऊन उठली. म्हणाली, तुमचं पातेलं चुलीवर हाय, दूध पाहा.

२० ऑक्टोबर, सोमवार

ही गेली. जीपमध्ये पुढे बसवली बादलने. भीमसिंगही स्टँडवर आला होता. बादल मला म्हणाला, काका, एक सीट खाली हाय बरं. मी म्हणालो, पुढच्या वेळी.

घरी आल्यावर कपाट हलते आहे. दार उघडले की पुढे झुकते.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा मीच केली. एक पणती जास्तीची लावली, दारात. हिची पद्धत म्हणून. दूध उतू गेले.

हिचा फोन नाही. दुपारी अडीचला मी जागा होतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

व्याख्यान झाले.

उपस्थिती : अकरा. सोयाबीनची गडबड, कापसाच्या वेचणीचे दिवस, त्यात सण. अकरांत माईकवाला आणि सतरंजी घालणारा धरलेले आहेत. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर मी शाल ठेवली होती. जागा धरायला. शेवटपर्यंत ती शालच बसली होती.

फियांचे वाक्य घेतले. टाळी आली नाही. समोर भीमसिंग आणि बादल शेजारी शेजारी बसले होते, आणि भीमसिंगला पेंग येत होती. त्याचे डोके हळूहळू बादलच्या खांद्यावर गेले. बादल हलला नाही. बाप झोपला म्हणून तो अर्धा तास जरासुद्धा हलला नाही.

मी तिकडेच बघत राहिलो आणि पुढचे पान हरवले. म्हणजे पान हातात होते, पण वाचता येईना. मी अडतीस वर्षे वर्गासमोर उभा राहिलो, असे कधी झाले नव्हते. ‘एवढे बोलून थांबतो,’ म्हणालो. माईकवाल्याने लगेच माईक बंद केला.

दुसऱ्या बक्षिसाचे प्रमाणपत्र कोणी घेतले नाही. मीच घरी आणले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सायंकाळी

सकाळी उठल्याबरोबर ठरवले. नागपूरला जायचे. काही बोलायचे नाही. नुसते बसायचे.

अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून मिठाईच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, काय देऊ गुरुजी? कपिलला गोडात काय आवडते ते मला आठवेना. पेढा, जिलबी, की गोड खातच नाही? पाच मिनिटे काचेसमोर उभा होतो. मागे लोक थांबले. शेवटी म्हणालो, सगळे नेतात ते द्या. त्याने सोनपापडी दिली.

साडेनऊला स्टँडवर. यवतमाळची पहिली गाडी पावणेदहाला लागली. भाऊबीजेची गर्दी, उभे राहावे लागले असते. माझे गुडघे. सोडली.

दुसरी साडेदहाला. त्यात जागा होती. पण चढताना मनात आले, दार कपिलच उघडेल. तेव्हा पहिले काय म्हणायचे? काही बोलायचे नाही हे ठरले होते, पण दारातच काही न बोलणे बरे दिसत नाही. वाक्य ठरेपर्यंत गाडी निघाली.

तिसरी सव्वाअकराला. रिकामी होती. कंडक्टर माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, सर, या न, खिडकी देतो तुमाले. मी पायरीवर एक पाय ठेवला. आणि मग त्याला म्हणालो, नाही रे, मी इथे कोणाला तरी घ्यायला आलो आहे.

तो म्हणाला, कोन येऊन राह्यलं? कपिल का?

मी म्हणालो, हो.

गाडी गेली. चौथी कधी आहे ते विचारले नाही. स्टँड झाडणारी बाई माझ्या बाकाखाली झाडू घालत होती, मी पाय वर घेतले. सोनपापडी तिला दिली. तिने विचारले, काहून, घरी कोनी नाई का? मी म्हणालो, आहेत, सगळे आहेत.

घरी आलो. कपाट अजून हलते आहे, म्हणून दिवाळी अंक दुहेरी घडी करून पायाखाली घातला. बरोबर बसला. पान एकतीस घडीच्या आत आहे.

सतराचा शेऱ्याचा कागद काढून पुन्हा पाहिला. ‘तीन गाड्या सोडून परत जात नाही. कारण दिलेले नाही.’ त्यावर काट मारली. लिहिले : शेवट पटतो.

गुण वाढवायला हवेत. दहापैकी नऊ तरी. पण निकाल जाहीर झालेला आहे. नियम नऊ.